एडफाची लाइट सारखी पडतेय? आतल्या काचेला बोल लावण्याआधी एवढं तपासा

उन्हाळा लागला की जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या केबलवाल्यांचे फोन सुरू होतात आणि वाक्य जवळपास ठरलेलं असतं. "भाऊ, एडफाची काच कमजोर झाली, लाइट पडतेय. नवीन घ्यावा लागेल का?" एडफा म्हणजे केबल टीव्हीचा सिग्नल वाहणारा प्रकाश वाढवणारं खोकं, काच म्हणजे त्याच्या आतला काचेचा तंतू, आणि लाइट पडते म्हणजे त्या प्रकाशाचा जोर कमी होतो. काच कमजोर होते ही समजूत कुणी पसरवली माहीत नाही, पण पक्की बसली आहे. इतक्या वर्षांत इतकी खोकी हाताखालून गेली, काच गेलेलं एकही निघालं नाही. निघतात ते मळलेले कनेक्टर, बुजलेले पंखे, कुणीतरी मधेच घुसवलेला स्प्लिटर (लाइट वाटून देणारा भाग) आणि क्वचित एखादा दमलेला पंप, म्हणजे काचेला प्रकाश पुरवणारा लेझर.

कंट्रोल रूममध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा ट्रान्समीटर आणि त्याच्यामागे सोळा पोर्टचा एर्बियम-इटर्बियमवाला (काचेत हे दोन धातू मिसळलेला) ॲम्प्लिफायर, म्हणजेच एडफा, अशी मांडणी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक-दोन पोर्टचा साधा एर्बियमवाला असेल तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

लक्षणं

"लाइट पडली" या दोन शब्दांत निरनिराळे आजार लपलेले असतात. तुमचं नेमकं कोणतं ते आधी ठरवा.

– डिस्प्लेवर आउटपुटचा आकडा जागच्या जागी, पण मीटर लावला की एखाद्या-दुसऱ्या पोर्टवर दोन-तीन डीबी (लाइट मोजायचं माप) कमी.
– सगळ्या पोर्टवर सारखीच घट. दुपारी वाढते, रात्री भरून येते.
– आउटपुट ठीक, नोडवरची (वस्तीजवळ लाइट घेणाऱ्या डब्यावरची) लाइटही ठीक, तरी चित्राचे चौकोन पडतात. एमईआर, म्हणजे सिग्नलच्या शुद्धतेचा आकडा, घसरलेला.
– लाइट वाढवली की लांबच्या नोडवरचं चित्र सुधारायच्या ऐवजी बिघडतं.
– इनपुटचा दिवा लाल, आउटपुट बंद.
– आउटपुट हलत नाही, पण पंपाचा करंट महिन्यागणिक चढतोय. हे लक्षण मला फोनवर कधीच कुणी सांगत नाही, कारण तो आकडा कुणी बघत नाही. खरं तर तोच सगळ्यात आधी बोलतो.

आत काय चालतं

हे वाचलं नाही तरी पुढची कामं जमतील. पण वाचलंत तर अमुक आधी आणि तमुक नंतर का, ते कळेल.

खोक्यात काचेचा बारीक तंतू वेटोळं करून ठेवलेला असतो. त्याच्या गाभ्यात एर्बियम मिसळलेलं असतं, तेही दहा लाख भागांत काही शे भाग इतकंच. जास्त का घालत नाहीत? एर्बियमचे कण एकमेकांना खेटले की एक दुसऱ्याची ऊर्जा ओढतो आणि ती फुकट जाते. त्याच्या गुठळ्या होऊ नयेत, ते सारखं पसरावं म्हणून काचेत ॲल्युमिनियमही घालतात. एर्बियममुळे काचेला फिकट गुलाबी रंग येतो, पण केसाएवढ्या तंतूत तो दिसायचा नाही.

आता म्हैस डोळ्यांसमोर आणा. पंपाचा ९८० नॅनोमीटरचा प्रकाश म्हणजे पेंड. ती खाऊन एर्बियम भरतं आणि सुमारे १० मिलिसेकंद भरलेलं राहतं. अणूंच्या जगात हा फार मोठा काळ झाला. ट्रान्समीटरकडून येणारा १५५० चा सिग्नल म्हणजे पारडू. पारडू लागलं की म्हैस पान्हा सोडते: सिग्नलचा एक कण भरलेल्या एर्बियमला धक्का देतो आणि हुबेहूब आपल्यासारखा दुसरा कण बाहेर काढतो. पारडू आलंच नाही किंवा अर्धमेलं आलं, तर दूध थेंब थेंब आपोआप गळतं. ते गळणारं दूध म्हणजे तुमचा नॉइज. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

त्या १० मिलिसेकंदांचा आपल्या धंद्याला मोठा फायदा झाला. टीव्हीचे सिग्नल सेकंदाला कोट्यवधी वेळा हलतात, आणि एर्बियम इतकं संथ की त्याला ती हालचाल जाणवतच नाही, फक्त सरासरी लाइट जाणवते. म्हणून एका चॅनेलची सावली दुसऱ्यावर पडत नाही.

पेंड बंद पडली तर? पंप नसताना एर्बियम १५५० चा सिग्नल स्वतःच गिळतं. म्हणजे बंद पडलेला एडफा नुसती पॅचकॉर्ड (दोन यंत्रं जोडणारी तंतूची दोरी) म्हणून चालेल असं समजू नका. तो भिंत होतो. पॉवर गेली तेव्हा "निदान सिग्नल तरी आरपार जाऊ दे" म्हणून लोक वाट बघत बसतात. जाणार नाही.

सोळा पोर्टना मिळून एवढी लाइट लागते की एकट्या एर्बियमला तेवढा पंप पिता येत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या तंतूत इटर्बियमही असतं. ते ९४० च्या आसपासचा प्रकाश भराभर पितं आणि शेजारच्या एर्बियमच्या हवाली करतं. ही काच मुद्दाम फॉस्फरस घालून केलेली असते. त्या काचेत एर्बियम घेतलेली ऊर्जा चटकन एक पायरी खाली उतरवून ठेवतं, त्यामुळे इटर्बियमला ती परत मागता येत नाही.

१९८७ मध्ये इंग्लंडातल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये एमान्युएल देसुर्विर व सहकाऱ्यांनी एर्बियमचे हे ॲम्प्लिफायर दाखवले. १९९६ साली अटलांटिकच्या तळाशी टॅट-१२/१३ ही केबल त्यांच्याच भरवशावर चालू लागली. समुद्रातल्या केबल २५ वर्षं टिकाव्यात या बेताने टाकतात, तिथे हात घालून काच बदलता येत नाही. किरणोत्सारात काच काळवंडते, म्हणून उपग्रहांवरच्या तंतूंची वेगळी काळजी घेतात. पत्रा कापणाऱ्या इटर्बियमच्या लेझरांतही काच हळूहळू काळवंडण्याचा त्रास माहीत आहे. तुमच्या कंट्रोल रूममध्ये यातलं काही घडत नाहीये.

हात लावण्याआधी

१५५० ची लाइट डोळ्यांना दिसत नाही. पोर्टमध्ये डोकावून बघायचं नाही. मायक्रोस्कोप लावायचा तर आधी चावी फिरवून पंप बंद करा आणि डिस्प्लेवर आउटपुट गेल्याचं बघा. चालू लाइटवर कनेक्टर काढूही नका, लावूही नका. डोळ्यांची भीती आहेच, शिवाय कनेक्टर जळतात. का ते पुढे येईल.

१. डिस्प्ले वाचा आणि वहीत लिहा

खर्च शून्य. इनपुट, आउटपुट, प्रत्येक पंपाचा करंट, पंपाचं तापमान, खोक्याचं तापमान. मशीन नवीन असतानाचे हे आकडे कुणाकडेच नसतात, म्हणून आजपासून लिहायला घ्या; महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी.

करंट का महत्त्वाचा? मशीन आउटपुट सांभाळायच्या मोडमध्ये चालतं. या मोडलाही एपीसी म्हणतात आणि हिरव्या कनेक्टरलाही एपीसी म्हणतात. यावरून फोनवर किती घोळ झालेत ते सांगत नाही. तर पंप थोडा थकला की मशीन गुपचूप करंट वाढवतं आणि आउटपुटचा आकडा तसाच ठेवतं. करंट मर्यादेला टेकला की मग एके दिवशी लाइट "अचानक" पडते. ती अचानक नसते, सहा महिने पडत असते.

२. तुमचा मीटर खरं बोलतोय का

तरंगलांबी १५५० वर आहे का बघा. १३१० वर राहिली तर आकडा थोडाच हलतो, ८५० वर राहिली तर भलताच येतो. दुसरं, साधे मीटर +१० डीबीएमच्या आसपास संपतात. पोर्टवर १९ डीबीएम म्हणजे जवळपास ८० मिलिवॅट असते; तिथे केबल टीव्हीसाठीचा जादा क्षमतेचा मीटरच लावायचा, नाहीतर आकडा कमी येईल आणि मीटरही जाईल. दुसऱ्याचा मीटर मागून एकदा पडताळा घ्या. ग्राहकाच्या घरी इंटरनेटची १४९० ही त्याच तंतूत असेल तर दोन्ही वेगळ्या दाखवणारा मीटर वापरा.

३. पंखा, जाळी, खोलीची हवा

दुपारी पडून रात्री भरून येणारी लाइट म्हणजे ऐंशी टक्के हेच, असं मी डोळे झाकून सांगतो.

एका कंट्रोल रूममध्ये सलग दोन मे महिने हाच प्रकार झाला. दुपारी दोननंतर सगळ्या पोर्टवर दोन डीबी खाली, रात्री दहाला पूर्ववत. पहिल्या वर्षी मालकाने एसी दुरुस्त केला, थोडा फरक पडला. दुसऱ्या वर्षी मी मशीन रॅकमधून ओढून मागची बाजू बघितली. शेजारी जिनिंग आहे. हंगाम उन्हाळ्याआधी संपतो, पण हवेत उडालेला कापूस पंख्याच्या जाळीत नमद्यासारखा बसला होता. पंखा फिरत होता, वारा शून्य. ब्रश आणि ब्लोअर, दहा मिनिटांचं काम. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि पोर्टवर टोप्या असू द्या.

गरमीने काचेचं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते पंपाचं. पंपाचा लेझर डायोड तापला की त्याच करंटला कमी प्रकाश देतो. शिवाय त्याची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते. तीस अंशांत नऊ-दहा नॅनोमीटर. इटर्बियम ९७६ च्या जवळ सर्वात जोरात पितं, पण तो पट्टा इतका अरुंद की तिथे पंप एवढा सरकला तर पेंड तोंडाशी न पडता बाजूला पडते. ९४० च्या आसपास ते कमी जोराने पितं, पण पट्टा रुंद. म्हणून बिनाकूलरचे ९४० चे पंप आपल्याकडच्या उन्हात निभावून नेतात. निभावण्याला मर्यादा असतेच, आणि तापलेला डायोड लवकर म्हाताराही होतो. पहिल्या टप्प्याच्या ९८० च्या पंपाला स्वतःचा कूलर असतो. त्याचं तापमान २५ वरून हलायला लागलं असेल किंवा कूलरचा करंट वाढलेला दिसत असेल, तर खोली थंड केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याच वेळी दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे बघा. एक मेलेला असतो आणि वर्षभर कुणाला पत्ता नसतो.

४. इनपुट: इथेच सगळे फसतात

तिसरं लक्षण आठवा: लाइट ठीक, चित्र खराब.

म्हशीला पेंड जेवढी, दूध तेवढंच. पारडू थोडं अशक्त झालं तरी बादलीतल्या दुधाच्या मापात फारसा फरक पडत नाही, कारण माप पेंडीने ठरतं. ॲम्प्लिफायर असाच भरलेल्या अवस्थेत चालतो. इनपुट +५ डीबीएमवरून शून्य डीबीएमवर (म्हणजे एक मिलिवॅटवर) आलं तरी आउटपुटचा आकडा जेमतेम हलतो किंवा हलतच नाही. तुम्ही डिस्प्ले बघता आणि म्हणता, एडफा ठणठणीत आहे. पण इनपुट ५ डीबी पडलं म्हणजे ॲम्प्लिफायरच्या नॉइजपुढे सिग्नल जवळपास तेवढाच पडला. नोडवर लाइट पूर्ण पोचते, तिच्यात गळणाऱ्या दुधाचा वाटा वाढलेला असतो. मीटर दोन्ही एकत्रच मोजतो, त्याला फरक कळत नाही. सेटटॉप बॉक्सला कळतो.

एका ठिकाणी तीन आठवडे नोड बदलणं चाललं होतं. शेवटी कळलं की नव्या भागासाठी दुसरा एडफा बसवताना एका पोराने ट्रान्समीटरपुढे एकास दोन स्प्लिटर टाकला होता. साडेतीन डीबी तिथेच गेले, वर एक मळका कनेक्टर. कुणी कुणाला सांगितलं नाही. पोराची चूक फार नव्हती. आउटपुट बघितलं, बरोबर होतं, तो घरी गेला.

म्हणून ट्रान्समीटरच्या तोंडाशी मोजा, मग एडफात जाणाऱ्या टोकाशी मोजा, आणि तिसरा आकडा एडफाचा डिस्प्ले सांगतो तो. पहिल्या दोनांत एका पॅचकॉर्डचा अर्धा डीबी सोडून फरक नको. बहुतेक मशीनच्या माहितीपत्रकात इनपुटची मर्यादा मोठी दिलेली असते, उणे आकड्यांपासून +१० पर्यंत. मर्यादेत आहे म्हणजे चांगलं आहे असं नव्हे. मी +३ च्या खाली राहू देत नाही.

आता एक सक्त सूचना. मेनूत इनपुट अलार्मचा आकडा खाली ओढून लाल दिवा घालवता येतो, आणि लोक तो घालवतात. हे करू नका. सिग्नल नसताना पंप चालू राहिला तर इटर्बियमची भरलेली ऊर्जा एर्बियमकडे पुरती जात नाही. ती १०६० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच लेझर होऊन फुटते, आणि त्या झटक्यात आतले भाग जळतात. इनपुट गेलं की मशीन पंप तोडतं ते तुम्हाला छळायला नव्हे.

५. कनेक्टर

माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी याच कारणाच्या आहेत, म्हणून थोडं सावकाश.

पहिली गोष्ट रंगाची. हिरवा आणि निळा एकमेकांत घालायचे नाहीत. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. जोडले तर मधे हवेची फट राहते, काही डीबी तिथेच जातात आणि काचेच्या प्रत्येक उघड्या तोंडावरून चार टक्के लाइट उलटी फिरते. तिरकं तोंड ती बाजूला फेकतं, सरळ तोंड थेट मागे पाठवतं. अशी दोन तोंडं रस्त्यात असली की लाइट त्यांच्यात फेऱ्या मारते आणि मूळ सिग्नलवर येऊन चढते. मग पुन्हा तेच: लाइट ठीक, चित्र खराब.

दुसरी गोष्ट धूळ. लाइट जाते ती नऊ-दहा मायक्रॉनच्या गाभ्यातून. ८० मिलिवॅट एवढ्याशा ठिपक्यातून जात असताना मधे धुळीचा कण आला की तो तापतो, जळतो आणि काचेवर कायमचा चिकटतो. म्हणूनच चालू लाइटवर कनेक्टर काढ-घाल करायची नाही. एकदा जळलेलं टोक कितीही पुसा, परत येत नाही, पॅचकॉर्ड बदला. वाईट गोष्ट अशी की जळलेलं टोक समोरच्या चांगल्या टोकालाही खराब करतं. मशीनच्या पोर्टमधलं टोक जळलं असेल तर नवी पॅचकॉर्ड लावली तरी महिन्याभरात तीही तशीच होणार. एकाच पोर्टवर पॅचकॉर्ड वारंवार जात असतील तर कॉर्डवाल्याशी भांडू नका, पोर्टच्या आत मायक्रोस्कोपने बघा. पंप बंद करून, हे पुन्हा सांगतो.

पुसायचं कसं: पंप बंद. टोक आधी पेनसारख्या क्लीनरने कोरडं पुसा, काही शे रुपयांत मिळतो. डाग राहिला तर तंतू न सोडणाऱ्या कागदावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकाच दिशेने, आणि लगेच कोरड्या कागदाने. अल्कोहोल सुकून राहिलं तर तेच डाग होतं. शर्टाचं टोक, रुमाल, तोंडाची फुंकर हे सगळं बंद. अंगातलं तेल आणि थुंकीचे शिंतोडे मायक्रोस्कोपखाली एकदा बघा, परत फुंकणार नाही.

पावसाळ्यात ॲडॉप्टरमध्ये दमट हवा धरते. उघड्या पोर्टना टोप्या लावा, आणि टोप्याही स्वच्छ असू द्या.

६. वाकलेली कॉर्ड

१५५० ची लाइट वळणावर १३१० पेक्षा जास्त गळते. रॅकचं दार लावताना दबलेली, झिपटायने आवळलेली, मागच्या कोपऱ्यात मुडपलेली कॉर्ड शोधा. जुन्या साध्या तंतूला तीस मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळवू नका. वाकायला सोसणारा नवा तंतू दहापर्यंत चालतो. शंका असेल तर तीच कॉर्ड १३१० आणि १५५० दोन्हींवर मोजा. १३१० ला ठीक आणि १५५० ला तोटा म्हणजे वाकण आहे, कनेक्टर नाही. लाल लाइटची पेन लावली तर पिवळ्या कॉर्डमधूनही वळणावर लाली दिसते.

७. एक पोर्ट की सगळे

आत सोळा भाग करणारा स्प्लिटर असतो. फोडण्याआधी लाइट दोन वॅटच्या आसपास, फोडल्यावर १२ डीबी आणि वर थोडं वजा होऊन प्रत्येकी १९. सोळाही पोर्ट एकेक मोजून लिहा. एखादा-दुसराच कमी असेल तर काच, पंप, इनपुट सगळे निर्दोष. दोष त्या पोर्टच्या कनेक्टरचा किंवा स्प्लिटरच्या त्या पायाचा. असा पोर्ट टेप लावून बंद करा आणि मोकळा पोर्ट वापरा. एका पोर्टसाठी मशीन उघडायला लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सगळे सारखेच कमी असतील तर दोष स्प्लिटरच्या अलीकडे आहे. आधीचे सहा मुद्दे झाले असतील तर आता पंपावर संशय घ्यायला हरकत नाही.

८. लाइट वाढवली आणि बिघडलं

लांबच्या नोडसाठी थेट, स्प्लिटर न टाकता, पंधरा-वीस किलोमीटर एकाच तंतूत जास्त लाइट ढकलली की काच ती उलटी फिरवायला लागते. एका मर्यादेनंतर तुम्ही जेवढं वाढवाल तेवढं मागे येतं आणि पुढे जाणाऱ्यात नॉइज भरतो. हा दोष ॲम्प्लिफायरच्या काचेचा नाही, लाइनच्या काचेचा. ट्रान्समीटरमध्ये या मर्यादेची सेटिंग असते. ती किती आहे बघा आणि तंतूत जाणारी लाइट तिच्या खाली ठेवा. पोर्टला लागूनच एकास आठ स्प्लिटर असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

९. लाइन

इथपर्यंत कंट्रोल रूममधलं सगळं बरोबर निघालं तर दोष बाहेर आहे. ओटीडीआर (तंतूत कुठे किती लाइट वाया जाते ते दाखवणारं यंत्र) लावा, १५५० वर. नीट तंतूत किलोमीटरला ०.२ डीबीच्या आसपास जायला हवेत. जिथे पायरी दिसते तिथला जॉइंट उघडा. रस्त्याचं खोदकाम, उंदीर, उसाचा ट्रक, कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. ओटीडीआर लावण्याआधी त्या तंतूवरची एडफाची लाइट तोडा, नाहीतर ओटीडीआर जाईल.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि ऑप्टिकल दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा.

– इनपुट चांगलं, खोली थंड, कनेक्टर साफ, आणि तरी पंपाचा करंट मर्यादेला टेकलेला.
– पंपाचा करंट शून्य, किंवा करंट आहे पण लाइट नाही.
– मशीनमधून जळका वास, किंवा एखाद्या पोर्टच्या आत काळा ठिपका.
– मशीन चालू होऊन काही सेकंदांत स्वतःच बंद होतंय.

झाकण का उघडायचं नाही ते सांगतो. आतल्या तंतूत दोन वॅटच्या आसपास लाइट असते. तंतू कुठे मोडला, मळला किंवा फार वाकला तर त्या जागी काच इतकी तापते की गाभा वितळत जातो आणि तो जाळ लाइटच्या उगमाकडे, म्हणजे पंपाकडे, मागे मागे पळतो. वेग सेकंदाला एक मीटरच्या घरात असू शकतो. चावीपर्यंत हात पोचेपर्यंत सगळं वेटोळं गेलेलं असतं. शिवाय एर्बियमचा गाभा साध्या तंतूपेक्षा बारीक असतो, आणि दुसऱ्या टप्प्याच्या तंतूत पंप गाभ्याबाहेरच्या काचेतून जातो. तुमच्या स्प्लायसिंग मशीनचा नेहमीचा प्रोग्राम तिथे चालत नाही. जॉइंट दिसायला छान येतो आणि पहिल्याच दिवशी जळतो.

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर मी एकदा झाकण उघडलेलं चालू मशीन बघितलं, त्याने दिलेला चष्मा लावून. पहिल्या टप्प्याचं वेटोळं मंद हिरवं चमकत होतं. पंप दिसत नाही, सिग्नलही दिसत नाही, मग हे हिरवं कुठून? एर्बियम कधीकधी पंपाचे दोन कण एकापाठोपाठ गिळून दुप्पट वर चढतं आणि हिरवा प्रकाश सोडत खाली येतं. त्याला त्या हिरव्यावरूनच कळलं की पंप जिवंत आहे आणि वेटोळ्याच्या शेवटापर्यंत पोचतोय. दोष पंपानंतरच्या एका जॉइंटमध्ये निघाला. मालक मात्र नव्या मशीनची आगाऊ रक्कम देऊन बसला होता.

मशीन पाठवताना सोबत वहीची दोन पानं पाठवा: चांगल्या दिवसाचे आकडे आणि बिघडल्यावरचे. दुरुस्तीवाल्याला तीन गोष्टी विचारा. कोणता पंप बदलला, जुन्याचा आणि नव्याचा करंट किती, आणि सोळाही पोर्टची लाइट मोजलेला कागद मिळेल का. "काच बदलली" असं कुणी म्हणालं तर जुनं वेटोळं परत मागा. पोर्टना टोप्या लावा, चावी काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि खोक्यावर वरची बाजू कोणती ते मोठ्या अक्षरात लिहा. पार्सलवाले वाचत नाहीत, तरी लिहा.